नदीकाठचं इंदूर: तुम्ही परत परत विचारता ते प्रश्न

आम्ही काही मंडळी रविवारी सकाळी जूनी इंदूर ते राजवाडा असं पायी फिरतो, ज्याला यायचंय तो येतो. पुण्याहून, नाशकाहून आलेले पाहुणे असतात, आपल्याच सुदामा नगर, लोकमान्य नगरातली मुलं असतात, आणि प्रश्न तेच तेच येतात. नंतर फोनवरही तेच. म्हणून एकदा नीट लिहून ठेवतोय. सगळं एका दमात वाचायची गरज नाही, तुमचा प्रश्न शोधा आणि तेवढंच वाचा.

१. इंदूर अहिल्याबाईंनीच वसवलं ना?

नाही. अहिल्यादेवींबद्दल माझ्या मनात काय आहे ते इंदूरच्या कुठल्याही मराठी घरात वाढलेल्याला सांगावं लागणार नाही, पण गाव त्यांच्या आधीचं. कंपेलचे जमीनदार राव नंदलाल चौधरी (मंडलोई) यांनी १७१५-१६ च्या सुमाराला इथं पेठ वसवली, तेव्हा माळवा मोगलांकडं होता आणि अहिल्याबाईंचा जन्मसुद्धा झाला नव्हता, तो १७२५ चा. व्यापार वाढला तसं १७२० मधे परगण्याचं ठाणं कंपेलहून इथं आलं. मग बाजीराव पेशव्यांच्या स्वाऱ्या, चौथाई, आणि १७३० नंतर मल्हारराव होळकर, म्हणजे मराठे आले तेव्हा बाजार भरतच होता, त्यांनी तो मोठा केला.

अहिल्याबाईंनी कारभार चालवला तो महेश्वरहून, नर्मदेकाठून. इंदूर त्यांच्या राज्यातली भरभराटीची पेठ होती, राजधानी नव्हती. राजधानीचं प्रश्न ४ मधे.

२. "इंदूर" म्हणायचं की "इंदौर"?

दोन्ही. मराठीत बोलताना आपण इंदूर म्हणतो, जुन्या मराठी कागदांतही इंदूरच, हिंदीत आणि स्टेशनच्या पाटीवर इंदौर. नावाचा उगम इंद्रेश्वर महादेवाशी जोडतात, ते देऊळ पंढरीनाथ भागात आजही आहे, आणि पाऊस लांबला की तिथं अभिषेक करायची पद्धतही चालू आहे.

३. इंदूर नदीवर आहे म्हणता, पण मला तर दोन दिवसांत नदी कुठं दिसलीच नाही. कुठली नदी?

तुम्ही ती बहुतेक चार-पाच वेळा ओलांडलीत. रिक्षातून जाताना डावी-उजवीकडं कठडा येतो, वास येतो, आणि रिक्षावाला म्हणतो "नाला है". तो नाला नाही, ती नदी आहे, आणि त्याही दोन. खान दक्षिण-पूर्वेकडून चिडियाघर, छावनी करत येते आणि सरस्वती दक्षिण-पश्चिमेकडून, कृष्णपुऱ्याच्या आसपास दोघी मिळतात आणि पुढं एकच खान होऊन सांवेरच्या बाजूला उत्तरेला जाते. जुनं गाव, देवळं, वाडे, छत्र्या, सगळं या दोन पात्रांच्या बेचक्यात आणि काठांवर आहे, नकाशा समोर ठेवून बघा, लगेच लक्षात येईल.

खान उज्जैनजवळ त्रिवेणीला क्षिप्रेला मिळते, क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला, यमुना गंगेला. म्हणजे राजवाड्यामागं पडलेला पाऊस शेवटी गंगेत जातो. हे लक्षात ठेवा, प्रश्न १० मधे लागणार आहे.

नावाचं विचाराल तर सरकारी पाट्यांवर आता "कान्ह" असतं. आमच्या घरी खान म्हणतात, मी तेच लिहितो.

४. राजधानी इथं कधी आली? महेश्वरहून थेट आली का?

थेट नाही, आणि नेमका इथंच सगळ्यांचा घोळ होतो, म्हणून जरा सविस्तर. अहिल्याबाई १७९५ मधे गेल्या. मग तुकोजीराव, आणि त्यांच्यानंतर भाऊबंदकीतून वर आलेले यशवंतराव होळकर, ज्यांचं आयुष्य घोड्यावरच गेलं. १८०१ च्या जुलैत त्यांनी उज्जैनला शिंद्यांचा पराभव केला, त्याचा सूड म्हणून ऑक्टोबरमधे शिंद्यांकडच्या सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटलं आणि जाळलं. यशवंतरावांचा मुक्काम पुढं रामपुरा-भानपुऱ्याकडं राहिला, १८११ मधे ते गेले तेही भानपुऱ्यालाच. म्हणजे या सगळ्या वर्षांत इंदूर हे उजाड झालेलं, हळूहळू सावरणारं गाव.

मग डिसेंबर १८१७. महिदपूरला, क्षिप्रेच्या काठी, लढाईच्या आदल्या रात्री कारभार बघणाऱ्या तुळसाबाईंना त्यांच्याच फौजेतल्या लोकांनी मारलं, आणि २१ तारखेला इंग्रजांशी लढाई झाली. यशवंतरावांची मुलगी भीमाबाई त्यात लढली. होळकर हरले. ६ जानेवारी १८१८ ला मंदसौरचा तह झाला, त्यात राजपूत राज्यांवरचा हक्क गेला, सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख गेला, जावरा गफूरखानाला मिळालं, आणि दरबारात रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा प्रतिनिधी, ठेवायचं ठरलं. गादीवर यशवंतरावांचे चिरंजीव मल्हारराव, वय अकराच्या आसपास. दिवाण तात्या जोग यांनी त्याच वर्षी इंदूरला राजधानी आणली.

मी महिदपूरला गेलो होतो तेव्हा घाटावर उभं राहून एकच गोष्ट डोक्यात येत होती की हे समोरून वाहतंय त्यात आपल्या खानचं पाणी आहे, उज्जैनला मिसळून इथवर आलेलं. ज्या लढाईमुळं इंदूर राजधानी झालं ती इंदूरच्याच पाण्याच्या खालच्या अंगाला झाली.

५. मग इंदूर होळकरांचं शहर की इंग्रजांचं? वसाहतकाळात वसलेलं शहर म्हणणं बरोबर आहे का?

माझं स्पष्ट मत: गाव त्याच्या शंभर वर्षं आधीचं, पण आज आपण ज्याला शहर म्हणतो ते १८१८ नंतरचं, म्हणजे इंग्रजी अमलाच्या सावलीतलं. आणि ते एक शहर नव्हतं, दोन होती. एक राजवाड्याभोवतीचं: सराफा, आडा बाजार, इमली बाजार, मल्हारगंज, वळणावळणाच्या गल्ल्या, मोडीतला कारभार. दुसरं पूर्वेला रेसिडेन्सीचं: मोठी आवारं, झाडं, सरळ रस्ते, स्वतःचा बाजार, स्वतःचं पोलीस, आणि त्या हद्दीत होळकरांचा कायदा चालत नसे. १८५४ मधे सेंट्रल इंडिया एजन्सी निघाली तिचं मुख्य ठाणं इथंच, त्यामुळं माळव्यातल्या लहानमोठ्या सगळ्या संस्थानांचे वकील इंदूरला येऊन राहायचे. राजपुत्रांच्या शिक्षणासाठी डेली कॉलेज त्याच बाजूला निघालं. उलट होळकर कॉलेज (१८९१) दरबाराचं. दोन्ही संस्था आजही चालू आहेत आणि दोन्हींच्या आवारात जाऊन उभं राहिलं की फरक कळतो.

मोहल्ल्यांची नावं नीट ऐकलीत तरी हे सगळं सापडतं. पागनीसपागा, म्हणजे घोडदळाची पागा. तोपखाना. तुकोगंज. छावनी. ज्यांनी ठेवली त्यांची भाषा आणि कामं त्या नावांत आहेत, म्हणून कुणी "नगर" नाहीतर "कॉलनी" लावून ती बदलायला निघालं की मला मनापासून वाईट वाटतं.

६. छावनी म्हणजेच महू का?

नाही. छावनी इंदुरातला मोहल्ला, रेसिडेन्सीच्या आसऱ्यानं वाढलेला, तिथली धान्यमंडी सगळ्यांना माहीत आहे. महू वेगळं गाव, इथून वीसेक किलोमीटर दक्षिणेला. मंदसौरच्या तहानंतर १८१८ मधे जॉन माल्कमनं तिथं लष्करी कॅन्टोन्मेंट बसवलं. होळकरांवर नजर ठेवायला फौज जवळ हवी पण शहरात नको, असा सरळ हिशोब.

महू हे इंग्रजी अक्षरं जोडून झालेलं नाव आहे अशी गोष्ट फार फिरते, "मिलिटरी हेडक्वार्टर्स ऑफ वॉर" वगैरे. त्यात तथ्य नाही, मऊ नावाचं गाव तिथं आधीपासून होतं. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ ला तिथलाच, वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेत होते. २००३ पासून गावाचं अधिकृत नाव डॉ. आंबेडकर नगर. जन्मभूमीचं स्मारक स्टेशनपासून लांब नाही, आणि १४ एप्रिलला महाराष्ट्रातून इतकी माणसं येतात की त्या दिवशी रस्त्यात मराठीच ऐकू येते.

७. १८५७ मधे होळकर महाराज कुणाच्या बाजूला होते?

१ जुलै १८५७ ला सकाळी इंदूरच्या फौजेनं सआदत खान यांच्या पुढाकारानं रेसिडेन्सीवर तोफा डागल्या. कर्नल ड्युरंड तेव्हा एजंटचं काम बघत होता, तो सिहोरकडं निघून गेला, आणि त्याच रात्री महूची पलटणही उठली. तुकोजीराव दुसरे तेव्हा बाविशीचे. त्यांनी उघडपणे बंडाची बाजू घेतली नाही, आश्रयाला आलेल्या युरोपियनांना सांभाळलं, पण फौज त्यांची होती ना, त्यामुळं ड्युरंडनं त्यांच्यावर कायम संशय ठेवला. "महाराज फितूर होते" आणि "महाराज आतून क्रांतिकारकांचे होते" ही दोन्ही वाक्यं मला सारखी ऐकवली जातात. मला दोन्ही पटत नाहीत, चाळीस वर्षांपूर्वी राज्य हरलेल्या घरातला एक तरुण माणूस दोन्हीकडून अडकला होता असं माझं वाचन.

सआदत खान बरीच वर्षं लपून राहिले, पकडले गेले, आणि १८७४ मधे त्यांना फाशी झाली. अमझेऱ्याचे राजा बख्तावरसिंह यांना त्याआधीच, १० फेब्रुवारी १८५८ ला. ती जागा आजच्या एम. वाय. हॉस्पिटलच्या आवारात आहे. हजारो लोक रोज औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन तिथून जातात, एकदा थांबून बघाच.

८. राजवाडा किती जुना? मधेच लाकडी मधेच दगडी असं का?

सात मजले, खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी. मूळ वाडा पहिल्या मल्हाररावांच्या काळातला, तो १८०१ च्या लुटीत जळला (प्रश्न ४). राजधानी आल्यावर तात्या जोगांनी परत उभा केला, म्हणजे आज आपण दर्शनी भाग बघतो तो साधारण १८३३ पर्यंतचा. १९८४ च्या दंगलीत पुन्हा आग लागली आणि मागचं बरंच गेलं, ते नंतर नव्यानं बांधलं. त्यामुळं फोटो काढताना समोरचा दरवाजा जुना समजा, आतल्या चौकाचं मात्र नवं काम आहे.

९. होळकरांनी इंग्रजांना रेल्वेसाठी एक कोटी कर्ज दिलं हे खरं की फॉरवर्ड?

खरं आहे. तुकोजीराव दुसरे यांनी १८६९-७० मधे एक कोटी रुपये दिले, साडेचार टक्के व्याजानं, १०१ वर्षांच्या मुदतीवर, शिवाय जमीन फुकट. त्यातून खंडवा ते इंदूर मीटरगेज निघाली, होळकर स्टेट रेल्वे. नर्मदेवर पूल, आणि पातालपाणी ते काळाकुंड हा विंध्याचा घाट उतरवणं, हे त्यातलं अवघड काम. मीटरगेज आता बंद झाली पण तेवढ्या घाटाच्या तुकड्यावर २०१८ पासून हेरिटेज गाडी चालते, पावसाळ्यात तिकीट मिळणं कठीण.

एवढा पैसा आला कुठून हा खरा प्रश्न, आणि तो फार कमी लोक विचारतात. काळी माती, कापूस, आणि अफू. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबईमार्गे चीनला जायची, इंदूर तिची मोठी बाजारपेठ, इंग्रज दर पेटीमागं पास फी घ्यायचे. सावकारांच्या पेढ्या त्यावर मोठ्या झाल्या, आणि पुढं त्यातलाच बराच पैसा कापड गिरण्यांत गेला. दरबाराची पहिली गिरणी तुकोजीरावांच्याच काळातली, मग विसाव्या शतकात मालवा मिल, हुकुमचंद मिल. गिरण्या गेल्या, पण अनंत चतुर्दशीच्या रात्री त्यांच्या झाक्या, म्हणजे चित्ररथ, अजून निघतात. हुकुमचंद मिलच्या कामगारांना थकलेले पैसे मिळाले ते थेट डिसेंबर २०२३ मधे, तोवर किती जण वाट बघत गेले.

१०. नदीकाठचं शहर, मग नळाला पाणी नर्मदेचं का?

कारण खान आणि सरस्वती या लहान नद्या, पठारावरच उगम, उन्हाळ्यात धार बारीक. म्हणून होळकरांच्या काळापासून भर तलावांवर: पिपल्यापाला, बिलावली, सिरपूर, आणि १९३९ चा गंभीर नदीवरचा यशवंत सागर. गिरण्यांमुळं माणसं वाढली तसं हे पुरेना. नर्मदा इंदुरात यावी म्हणून १९७० च्या सुमाराला मोठं जनआंदोलन झालं, सगळ्या पक्षांची माणसं, विद्यार्थी, बायका रस्त्यावर, आणि १९७८ मधे पहिल्या टप्प्याचं पाणी आलं. जलूदहून सुमारे ७० किलोमीटर, विंध्य चढवून, पंपानं.

आता प्रश्न ३ आठवा. नर्मदा जाते पश्चिमेला अरबी समुद्राकडं. आपण तिचं पाणी डोंगरावर चढवून पितो, वापरतो, आणि ते खानमधून क्षिप्रेत, गंगेच्या खोऱ्यात सोडतो. म्हणून क्षिप्रेच्या घाटांवर सिंहस्थ आला की खानचं पाणी बाहेरून वळवायची धावपळ करावी लागते.

११. मग नदीचा नाला कधी झाला? आता तर आपण सगळ्यात स्वच्छ शहर आहोत.

एका दिवसात झाला नाही. १९१७-१८ मधे पॅट्रिक गेडिस नावाचे स्कॉटिश नगररचनाकार दरबारानं बोलावले, तेव्हासुद्धा नदीत घाण जात होतीच. त्यांची गोष्ट मी दर रविवारी सांगतो. शहरात प्लेगची भीती, लोक नगररचनावाल्यांवर चिडलेले, कारण तो आला म्हणजे घर पाडणार. गेडिसनी एक दिवसासाठी शहराचा ताबा मागितला आणि दिवाळीला मिरवणूक काढली, रस्ता असा ठरवला की ज्या भागात घरं-गल्ल्या जास्त साफ त्या भागातून मिरवणूक जाणार. हत्ती, घोडे, राक्षस, आणि प्लेगचा म्हणून एक भलामोठा उंदीर, जो शेवटी जाळला. लोकांनी स्वतःहून गाड्या भरभरून कचरा काढला. खर्चिक गटारयोजनेपेक्षा मैल्याचं खत करून बागा वाढवा आणि नद्यांचे काठ मोकळे, हिरवे ठेवा, असं त्यांचं म्हणणं होतं.

काठ मोकळे राहिले नाहीत. घरं वाढली, सांडपाणी सरळ पात्रात. २०१७ पासून स्वच्छतेत आपला पहिला नंबर येतोय, त्याचा मला अभिमान आहे, नाल्यांची तोंडं बंद केली आणि २०२१ मधे "वॉटर प्लस" मिळालं तेव्हा आम्ही पुलावर जाऊन आलो होतो. पण कृष्णपुऱ्याच्या पुलावरून मार्च-एप्रिलमधे खाली बघा. पाणी काळसर, काठाशी फेस, हालचाल जवळजवळ नाही. रस्ता झाडणं आणि नदी जिवंत करणं ही दोन वेगळी कामं आहेत, दुसरं अजून बाकी आहे.

१२. काही पुस्तकांत मल्हारराव दुसरे, काहींत तिसरे. चूक कुणाची?

कुणाचीच नाही. १८१८ चे मल्हारराव म्हणजे यशवंतरावांचे चिरंजीव. तुकोजीराव पहिले यांचे एक चिरंजीवही मल्हारराव होते, ते १७९७ मधे पुण्याला शिंद्यांशी झालेल्या झटापटीत मारले गेले. त्यांना मोजलं तर तिसरे, नाही मोजलं तर दुसरे. वाचताना साल बघा, नंबर बघू नका. तुकोजीराव आणि यशवंतराव यांचंही असंच, रेल्वेवाले तुकोजीराव दुसरे, १९४८ मधे राज्य विलीन करणारे यशवंतराव दुसरे.

१३. आमच्या माळ्यावर आजोबांच्या ट्रंकेत मोडीतले कागद सापडले. काय करू?

आधी लॅमिनेशन करू नका. हात जोडून सांगतो. आमच्याच नात्यात एकानं कौतुकानं सनद लॅमिनेट केली, दोन वर्षांत शाई प्लास्टिकला चिकटली आणि निम्म्या ओळी गेल्या. कोरड्या हातानं उलगडा, घडीवर फाटत असेल तर उलगडूच नका, सावलीत मोबाइलनं दोन्ही बाजूंचे फोटो घ्या आणि सुती कापडात ठेवा. मोडी वाचणारी जुनी मंडळी अजून आहेत, मराठी समाजात विचारा, नवी मुलंही शिकतायत.

तारीख बघून गोंधळू नका, बऱ्याचदा ती सुहूर सनात असते. त्यात जून ते डिसेंबरच्या कागदाला ५९९ आणि जानेवारी ते मेच्या कागदाला ६०० मिळवा की इसवी सन येतो, कारण ते वर्ष मृगाला सुरू होतं. रेसिडेन्सीच्या बाजूचा पत्रव्यवहार हवा असेल तर सेंट्रल इंडिया एजन्सीचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, ते इंग्रजीत.

१४. मग शहराचा वाढदिवस नक्की कधी?

महापालिका ३१ मे ला, म्हणजे अहिल्याबाईंच्या जयंतीला, गौरव दिवस करते, २०२२ पासून. जूनी इंदूरच्या बडा रावल्याकडून, म्हणजे नंदलालांच्या घराण्याकडून, ३ मार्च १७१६ धरतात. मला दोन्ही चालतात, एक मायेचा दिवस आहे आणि एक बाजाराचा. फक्त ३१ मे ला "अहिल्याबाईंनी इंदूर वसवलं" असं भाषणात ठोकून देऊ नका (प्रश्न १).

१५. एका सकाळीत हे सगळं बघायचं तर कुठून निघू?

सहाला निघा, उन्हाळ्यात साडेपाचला. जूनी इंदूरपासून सुरुवात, तिथून पंढरीनाथाकडं, इंद्रेश्वराला नमस्कार, मग हरसिद्धी, आणि नदी डोळ्याआड न करता कृष्णपुरा. तिथं तीन छत्र्या आहेत, कृष्णाबाई, तुकोजीराव दुसरे आणि शिवाजीराव यांच्या. कृष्णाबाई म्हणजे १८१८ च्या मल्हाररावांच्या आई, कृष्णपुरा त्यांच्याच नावाचा. छत्र्यांच्या खालच्या पट्ट्या हात न लावता जवळून बघा, दगडात शिपाई आहेत, वाजंत्री आहेत, आणि सकाळचं तिरकं ऊन पडलं की त्यांचे चेहरे वेगवेगळे दिसतात, दुपारी सपाट वाटतात. मग पाठीमागं वळून पायऱ्यांकडं बघा, त्या पाण्यापर्यंत उतरायच्या म्हणूनच बांधल्या होत्या. माझी आजी सांगायची, तिच्या लहानपणी कार्तिकात बायका इथं दिवे सोडायच्या. राजवाडा तिथून पाच मिनिटांवर, पोहे-जिलबी राजवाड्याजवळ कुठंही गरम मिळते.

पावसाळ्यात आलात तर दोन दिवस जोराचा पाऊस होऊन गेला की या. तेव्हा पुलाखालून खान आवाज करत जाते.